मागून ढक-ढक येतंय, चारी शॉकअप बदला म्हणतायत. खरंच गरज आहे का?

डोंबिवलीचा_गणू

नमस्कार मंडळी, गाडीचा प्रश्न आहे आणि इथे जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ९१,००० किमी झालेत. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मागच्या वेळी टाकलं होतं तर चाळीस प्रतिसाद कुठली कंपनी भारी यातच गेले आणि माझा क्लच होता तिथेच राहिला. एवढं सांगतो की मागे अखंड बीम आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा उभा, खाली वाकून बघितलंय.

झालं असं की गणपतीला गावी गेलो होतो, संगमेश्वरच्या आत. येताना आम्ही पाच जण, डिकीत नारळाचं पोतं, तांदूळ, आईचे चिबूड आणि काकड्या, म्हणजे गाडी मागून बसलेलीच. माणगाव सोडल्यावर रात्री धो धो पाऊस, मेहुणा चालवत होता, पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही आणि मागचं डावं चाक असं आदळलं की सगळे जागे झाले. टायर फुटला नाही, रिम वाकलं नाही, म्हटलं सुटलो. पण तेव्हापासून दोन गोष्टी सुरू झाल्यात. एक म्हणजे पेव्हर ब्लॉकवर किंवा छोट्या खड्ड्यांवर २०-३० च्या स्पीडला मागून डावीकडून ढक-ढक, ढक-ढक. आणि दुसरं म्हणजे पुलाच्या जॉइंटवरून गेलं की मागचा भाग दोन-तीनदा डोलतो, बायको म्हणते मागे बसलं की मळमळतं, आई म्हणते यापेक्षा आपली बैलगाडी बरी होती.

सर्व्हिस सेंटरला नेली. गाडी लिफ्टवर न घेताच त्याने एक चक्कर मारली आणि एस्टिमेट हातात दिलं, चारी शॉकअप, लिंक रॉड, अलाइनमेंट मिळून १९,४०० रुपये. मी म्हटलं विचार करून सांगतो. तर आता सांगा, शॉकअप गेलाय हे मी स्वतः कसं ओळखू, एकच बदलला तर चालेल का, आणि हे घरी करण्यासारखं काम आहे का? हाताशी साधा टूलकिट, स्टेपनीबरोबर आलेला जॅक आणि वर सांगितलेला मेहुणा आहे.

पानापक्कड

सगळ्यात आधी डिकी रिकामी कर. स्टेपनीचा बोल्ट सैल आहे का बघ, जॅक आणि पाना त्यांच्या जागेवर घट्ट बसलेत का बघ. हसू नकोस, मी सस्पेन्शनवर सहा हजार घालवले होते आणि आवाज शेवटी जॅकचा निघाला. मागच्या सीटची पाठ लॉक होते ना नीट, तेही हलवून बघ. मग पुढचं बोलू.

उद्यमनगरी_नाना

भावा, वरच्याने सांगितलं ते बरोबर आहे, आधी ते कर. आता माझं ऐक. तीस वर्षं झाली कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांच्या खाली झोपतोय, त्यातली निम्मी वर्षं आवाज शोधण्यातच गेली.

पहिली गोष्ट, लिंक रॉड, म्हणजे वळणावर गाडी कलंडू नये म्हणून असलेल्या दांड्याला जोडणारी छोटी दांडी, तुझ्या असल्या गाडीला पुढं असतो, आवाज मागं येतोय. मग लिंक रॉडचं नाव एस्टिमेटमधे आलंच कसं, हे त्याला विचार.

दुसरी गोष्ट, तुझ्या दोन तक्रारी आहेत, त्या एक समजू नकोस. डोलणं हा शॉकअपच्या पोटातला आजार. ढक-ढक हा बहुतेक वेळा त्याच्या टोकाचा, म्हणजे खालचा बुश (बोल्टाभोवतीचं रबर) नाहीतर वरची रबरं. शॉकअप पोटातून मेला तरी तो गप्प असू शकतो आणि पोटातून धडधाकट असला तरी बुश फाटला तर दिवसभर ठोकत बसतो. तुझं बहुतेक दोन्ही झालंय.

आता बघायचं कसं. सपाट जागेला उभी कर, मागच्या एका कोपऱ्यावर शरीराचा भार टाकून दाब आणि सोड. वर येऊन, फार तर जरासं खाली जाऊन गप्प बसली पाहिजे. दोन-तीनदा झोके घेतले तर गेला. पण यावर एकट्यावर विसंबू नकोस, अर्धा मेलेला शॉकअप या परीक्षेत आरामात पास होतो. म्हणून चाकाच्या मागून बॅटरी मार आणि शॉकअपचं अंग बघ. वरच्या बाजूला हलकासा तेलकट दमटपणा, त्यावर थोडी धूळ, हे चालतं, त्याला घाबरायचं नाही. पण तेलाचा ओघळ खालच्या बोल्टपर्यंत आलाय आणि त्यावर चिखलाचा काळा थर चिकटलाय म्हणजे तेल आत अडवणारं सील गेलं. मग टायरवरून तळहात फिरव, आडवा नाही, गोल ज्या बाजूने फिरतो त्या बाजूने. लाटा-लाटा लागल्या, कुठं खड्डा कुठं उंचवटा, तर चाक रस्त्यावर नाचतंय.

आणि एक माझी आवडती परीक्षा. खराब रस्त्याला दहा-बारा किलोमीटर चालवून आण आणि लगेच खाली हात घालून दोन्ही मागच्या शॉकअपच्या नळीला हात लाव. जो काम करतोय तो कोमट लागेल, जो मेलाय तो गारच. काम करणारा घामाघूम, कामचुकार थंडगार, माणसासारखंच असतंय ते. सायलेन्सरला तेवढा हात लावू नकोस म्हणजे झालं.

डोंबिवलीचा_गणू

रिपोर्ट देतो. पानापक्कड, तुमच्या पाया पडतो, जॅक खरंच सैल होता! खड्ड्यात आदळल्यावर क्लिपमधून निसटला असणार. फडकं गुंडाळून बसवला तर अर्धा आवाज गेला. पण अर्धा अजून आहे.

नाना, डावा शॉकअप काळाकुट्ट आहे, तेल आणि चिखलाचा पापुद्रा अगदी खालपर्यंत. वरचं धुळीचं प्लास्टिक कव्हर फाटून लोंबतंय. उजवा कोरडा ठणठणीत. कल्याण-शीळ रोडने जाऊन आलो (खराब रस्ता शोधायला लांब जावं लागत नाही आमच्याकडे) आणि हात लावला तर उजवा चांगला कोमट, डावा गार. डाव्या टायरला लाटाही लागतात, मला आतापर्यंत वाटायचं टायरच भंगार आहे. मग फक्त डावा बदलू का? उजवा तर मस्त काम करतोय.

अर्धवट_इंजिनियर

जोडीने बदला. का ते सांगतो, जरा थिअरी होईल पण दोन मिनिटं सहन करा.

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. लोकांना वाटतं शॉकअप गेला म्हणून गाडी एका बाजूने खाली बसली, तसं नसतं, खाली बसली असेल तर स्प्रिंग बघा. स्प्रिंगचा स्वभाव झोपाळ्यासारखा, एकदा ढकललं की आपलं आपण झुलत राहायचं. तो झोपाळा हाताने धरून थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेलाने भरलेली नळी, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. चाक वर-खाली झालं की दट्ट्या तेलातून सरकतो, तेलाला त्या बारीक भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं आणि झुलण्यातली ताकद तेल गरम करण्यात खर्च होते. नानांची कोमट-गार परीक्षा म्हणूनच बरोबर आहे. ऑफिसच्या दारावरचा क्लोजर बघा, दार धाडकन न आपटता हळू बंद होतं ना, तेच तत्त्व. क्लोजरचं तेल गळलं की दार आपटायला लागतं.

गॅसवाला म्हणून जो मिळतो त्यातही काम तेलच करतं. नायट्रोजन एवढ्यासाठी की सतत घुसळून तेलात फेस होऊ नये. फेस झाला की दट्ट्याला तेलाऐवजी हवा लागते आणि तेवढा वेळ शॉकअप नावालाच उरतो.

आता तुमच्या गाडीत डावीकडे नवा करकरीत आणि उजवीकडे ९१,००० किमी चाललेला बसला तर दोन्ही बाजूंचा झोका थांबायला वेगळा वेळ लागणार. शहरात कळणारही नाही. पण घाटात वळणावर मधेच खड्डा आला किंवा ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला की मागचा भाग एका बाजूने उडी मारतो. चाक हवेत असेल तेव्हा ब्रेक आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोघंही काही करू शकत नाहीत.

आणि खड्ड्याने तुमचा शॉकअप मारला असं मला वाटत नाही, त्याने शेवटचा धक्का दिला. कव्हर आधीपासून फाटलेलं असणार, रॉडवर चिखल बसून सुकला की तो वर-खाली होताना सील पॉलिश पेपरने घासल्यासारखं घासतो. मग भरलेली गाडी आदळली, तेलाचा दाब एकदम वाढला, सील आधीच झिजलेलं, संपलं.

जुगाडू_जळगावकर

जोडी-बिडी काही नाही हो, आमच्याकडे शॉकअपला भोक पाडून तेल भरून वेल्डिंग करून देतात, तीनशे रुपयात काम. माझ्या जुन्या गाडीला केलं होतं, चाललं की.

उद्यमनगरी_नाना

किती महिने चाललं ते लिही की.

जुगाडू_जळगावकर

चार.

लेस्टरचा_पाहुणा

वाचून मजा आली. इकडे इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते, आपल्या पीयूसीसारखी धूर बघून सोडत नाहीत, गाडी लिफ्टवर घेऊन खालून बॅटरी मारून बघतात. शॉकअपमधून तेल जोरात गळत असेल तर नापास, नुसता दमटपणा असेल तर पास, म्हणजे नाना कोल्हापुरात जो नियम लावतात तोच इकडे सरकारी पुस्तकात आहे. माझा मागच्या वर्षी शॉकअपवर पास झाला आणि मागच्या स्प्रिंगवर नापास, शेवटचा अर्धा वेढाच तुटून पडला होता. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना, स्प्रिंग गंजून तुटतात. कोकणात खारा वारा असतो तेव्हा गणूभाऊ तुम्ही खाली वाकलाच आहात तर स्प्रिंगच्या खालच्या टोकाकडे एकदा बघून घ्या, तुटकं टोक खालच्या वाटीत लपून बसतं, पटकन दिसत नाही.

चिपळूणची_मीनल

मी मागचे दोन्ही शॉकअप घरी अंगणात बदललेत, दोन वर्षं झाली, अजून उत्तम चालू आहेत, त्यामुळे घरी होतं का याचं उत्तर हो, होतं, पण मागचेच. पुढच्या बाजूला शॉकअप स्प्रिंगच्या पोटात असतो आणि स्प्रिंग दाबून धरायचं अवजार लागतं, ती दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा जाईल, तिकडे घरी अजिबात जाऊ नका. तुमच्या मागे स्प्रिंग वेगळी आहे म्हणून हे शक्य आहे.

आदल्या रात्रीपासून सुरुवात करा. खालचा बोल्ट आणि वरचा नट वायर ब्रशने घासा आणि गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी उठल्यावर परत मारा. आमच्या हवेत बोल्ट असे धरतात की मी पान्याला पाइप लावून त्यावर उभी राहिले होते, शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या.

जागा सपाट आणि पक्की हवी, पेव्हर ब्लॉकवर जॅक लावू नका, एखादा ब्लॉक खचतो. आणि हे नीट वाचा, हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तुम्ही मागचंच चाक उचलणार, म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. स्टेपनीबरोबरचा जॅक फक्त उचलायला, गाडी टेकवायची ती जॅक स्टँडवर, स्टँड नसेल तर गॅरेजमधून दिवसाच्या भाड्याने आणा पण नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. दुसरा जॅक बीमखाली लागतो, शॉकअप ज्या बाजूचा काढताय त्या बाजूला. कारण शॉकअप हाच बीमला खाली लोंबू देत नाही, तो सोडवला की बीम खाली जातो आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. म्हणून दोन्ही बाजू एकदम कधीच सोडवायच्या नाहीत, तसं केलं तर स्प्रिंगही निसटून बाहेर येतात. एक काढा, एक बसवा, मग दुसऱ्याकडे जा.

वरचा नट काही गाड्यांना डिकीतल्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असतो, काहींना चाकाच्या कमानीतून हात घालावा लागतो. नट फिरवला की आतला रॉडपण त्याच्याबरोबर गरगर फिरतो. रॉडच्या टोकाला चपट्या बाजू किंवा एलन कीची खाच असते, तिथे धरायचं आणि रिंग पान्याने नट सोडवायचा. जुना आहे, फेकायचाच आहे, तेव्हा तिथे काहीही करा, पण नव्याच्या चकचकीत रॉडला पक्कड लावली की संपलं, एक बारीक ओरखडा आणि सील पंधरा दिवसात गळतं. एअर गनपण नव्यावर नको.

नवा शॉकअप खोक्यातून काढून तसाच बसवू नका. दुकानात तो आडवा पडलेला असतो आणि आतल्या नळीत हवा शिरलेली असते. रॉड वर करून उभा धरा, सावकाश पूर्ण दाबा, सावकाश पूर्ण वर येऊ द्या, असं पाच-सहा वेळा. सुरुवातीला मधेच मोकळा लागतो, मग एकसारखा जड लागतो. यानंतर आडवा ठेवायचा नाही, थेट गाडीत. गॅसवाला असेल तर त्याला दाबून बांधलेली पट्टी कापली की आपोआप लांब होतो, आणि खालचं भोक जुळत नाही म्हणून हातोडी शोधू नका, बीमखालचा जॅक एक-दोन आटे वर घ्या, भोक आपोआप समोर येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि बऱ्याच गॅरेजमध्ये हेच चुकतं. खालचा बोल्ट चाक लोंबत असताना पूर्ण आवळू नका. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं, ते गोल फिरत नाही, पिळतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली उतरवल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं, मग लोक म्हणतात नवीन शॉकअप खराब निघाला. हाताने बसवा, चाक लावा, गाडी खाली उतरवा, दोनदा दाबून बसू द्या आणि मग चाकं जमिनीवर असताना आवळा. हात जात नसेल तर आधीच चाकं जाड फळ्यांवर उतरवा. माझ्या गाडीला १७ चा पाना लागला होता, तुमच्या गाडीचं बघून घ्या, आणि किती आवळायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर टॉर्क रेंचने, अंदाजाने नको.

धूळकव्हर, आतला रबरी ठोकळा आणि वरची रबरं वेगळी विकत मिळतात, ती नवीनच घाला. तिथे दोन-तीनशे वाचवण्यात अर्थ नाही.

ऑरेंजसिटी_सीएनजी

धागा हायजॅक करतो, सॉरी बाप्पा. माझी सीएनजी आहे, डिकीत टाकी, मागचे शॉकअप ५०,००० लाच गेले. दुकानवाला म्हणते स्प्रिंगच्या वेढ्यात रबराचे बफर टाकून घ्या, शॉकअप बदलायची गरज नाही. टाकू का?

उद्यमनगरी_नाना

बफरने गाडी थोडी उंच होईल आणि कडक होईल, डोलणं तेवढंच राहील. शॉकअप मेलाय तर शॉकअपच बदलायचा. टाकीचं वजन रोजचंच आहे, चार माणसं बसली काय उतरली काय, ते तिथंच, म्हणून मागचे लवकर जाणार हे धरून चाल. आणि वरचा नट डिकीतून असेल तर टाकीच्या स्टँडमागे लपलेला असतो. टाकी हलवायची वेळ आली तर गॅसच्या पाइपला घरी हात लावायचा नाही, ते काम सीएनजीवाल्याकडूनच.

मीनलताई, नमस्कार. खालचा बोल्ट कधी आवळायचा हे मी पोरांना शिकवून थकलो. माझ्या गॅरेजला कधीही या.

डोंबिवलीचा_गणू

मीनलताई, प्रिंट काढून डिकीत ठेवलीय. रविवारी करतो. शॉकअप गॅब्रिएलचे घ्यावेत का? की कंपनीच्या शोरूमचेच?

अर्धवट_इंजिनियर

गॅब्रिएल चांगले आहेत, आपल्या नाशिक आणि चाकणला त्यांचे कारखाने आहेत आणि बऱ्याच गाड्यांना कारखान्यातूनच त्यांचे शॉकअप बसून येतात. फक्त दुकान भरवशाचं बघा, पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा पार्ट नंबर तुमच्या गाडीच्या साल आणि व्हेरिएंटशी जुळवा. दिसायला सारखेच पण लांबीला दोन सेंटिमीटर कमी-जास्त असले तर एक तर पूर्ण दाबायच्या आधी ठोकणार नाहीतर पूर्ण उघडायच्या आधी ताणणार. नकली मालाचं खोकं आजकाल असलीपेक्षा जास्त चकचकीत असतं.

डोंबिवलीचा_गणू

झालं! रविवारी सकाळी आठला सुरू केलं, दुपारी तीन वाजले. गॅरेजवाला तासा-दीड तासात करतो म्हणे, असो. साडेदहाला सेक्रेटरी काका येऊन विचारून गेले की सोसायटीत गॅरेज काढलंय का, मग तेच खुर्ची टाकून बसले आणि मेहुण्याला पाना कसा धरायचा ते सांगायला लागले.

डावा काढून हाताने दाबला तर सायकलच्या पंपासारखा सरळ आत गेला आणि तिथेच बसला, परत यायचं नावच नाही. खालच्या बुशचं भोक गोलाचं अंडाकृती झालंय. पण खरी गंमत उजव्याची. बाहेरून कोरडा, कोमट लागत होता, मी तर एकच बदलायच्या विचारात होतो. काढून दाबला तर सुरुवातीला दोन बोटं मोकळाच जातो आणि मग कुठे जड लागतो. नव्याशेजारी ठेवून दाबल्यावर फरक असा कळला की सेक्रेटरी काकापण म्हणाले, हा पण गेलेलाच की हो. जोडी सांगणाऱ्या सगळ्यांना दंडवत. स्प्रिंगची टोकंही बघितली, शाबूत आहेत.

पण एक गडबड आहे. डोलणं पूर्ण थांबलं, पुलाच्या जॉइंटवरून एकदाच ढप आणि शांत. पण डावीकडून वरच्या बाजूने एक नवीन टक-टक येतंय, अगदी गतिरोधक उतरताना. खालचा बोल्ट मीनलताईंच्या पद्धतीने फळ्यांवर उतरवूनच आवळलाय. आता काय चुकलं?

चिपळूणची_मीनल

वरचा नट बसल्यावर रॉडचे किती आटे नटाच्या वर दिसतात? दोन्ही बाजूंचे सारखे आहेत का बघा.

डोंबिवलीचा_गणू

उजवीकडे चांगले चार-पाच आटे वर आहेत. डावीकडे जेमतेम नटाच्या तोंडाशी. च्यायला.

चिपळूणची_मीनल

मग डावीकडे काहीतरी जास्तीचं बसलंय. चाकाच्या कमानीतून वर बोट घालून बघा, जुन्या शॉकअपचं रबर किंवा वाटीसारखा वायसर गाडीच्या पत्र्याला चिकटून राहिला असेल आणि तुम्ही त्याच्याखाली नवीन बसवलं असेल. गंजाने आणि चिखलाने तो पत्र्याचाच भाग वाटतो. माझ्याकडे पहिल्या दिवशी हेच झालं होतं, लिहायला विसरले, सॉरी. क्रम असा की खालून वायसर, रबर, मग गाडीचा पत्रा, मग परत रबर, वायसर, नट. वायसरची वाटी रबराकडे.

आणि हे दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका, नट अर्ध्याच आट्यांवर आहे.

डोंबिवलीचा_गणू

ताई, तुम्ही डोंबिवलीत येऊन बघून गेलात का? अगदी तेच. जुना वायसर आणि त्याला चिकटलेलं अर्धं रबर, स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यावर टुपकन माझ्या कपाळावर पडलं. काल रात्री बॅटरीच्या उजेडात परत खोलून बसवलं, या वेळी चाळीस मिनिटात. आता दोन्हीकडे आटे सारखे, आवाज शून्य.

हिशोब सांगतो कारण कुणीतरी विचारणारच. दोन शॉकअप ३,४५०, कव्हर-ठोकळे-रबरं ६२०, स्प्रे २८०, स्टँडचं भाडं १०० आणि मेहुण्याला मिसळ. शॉकअप पुण्याहून घेतले, साडू नाना पेठेतून घेऊन आला, इथे आमच्या दुकानात धूळकव्हर मिळेना. टायरच्या लाटा काही जाणार नाहीत, त्यामुळे ६० च्या वर थोडी गुणगुण राहिलीये, तो टायर स्टेपनीत टाकावा म्हणतोय. एक शेवटचं, अलाइनमेंट करावी लागेल का? तो एस्टिमेटवाला परत फोन करतोय.

उद्यमनगरी_नाना

अखंड बीमच्या गाडीला मागचे शॉकअप बदलून अलाइनमेंट बदलत नाही, मागं फिरवायला काही नसतंयच. पण तू खड्ड्यात आदळला होतास, म्हणून स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर एकदा बघून घे, शॉकअपसाठी म्हणून नको. लाटांचा टायर स्टेपनीत टाकतोस तर टाक, पण पावसात लांबच्या प्रवासाला त्याच्यावर धावू नकोस. आणि पाचशे किलोमीटर झाले की एकदा सगळे नट परत तपास.

पुढचे शॉकअप कोरडे आहेत का ते बघितलंस का शेवटी?

डोंबिवलीचा_गणू

बघितले नाना, कोरडे आहेत, दाबल्यावर एकदाच वर येऊन थांबतात. पुढच्या गणपतीपर्यंत त्यांना हात लावत नाही.

वाचक_मात्र

वाखू (वाचनखूण) साठवली. नाना पेठेतलं दुकान कुठलं ते सांगता का? मलाही मागचं धूळकव्हरच हवंय, इथे कुणाकडे नाहीये.

डोंबिवलीचा_गणू

साडूला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.